नदीकाठ विरुद्ध टेकडी, थेट प्रक्षेपण

३ तारीख, सोमवार

बावीस वर्षं या वर्तमानपत्रात निधनवार्ता सांभाळल्या आणि आज साहेबांनी मला खेळावर बसवलं. साहेब म्हणजे आमचे संपादक. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण साहेब. म्हणाले, "ताई, निधनाच्या बातम्या आता लोक घरबसल्या फॉर्म भरून टाकतात. तुम्ही उद्यापासून 'आज कुठे बघाल' बघा." हे सदर आमच्या वेबपानावर असतं. आज कुठला सामना आहे, किती वाजता, कुठल्या ॲपवर दिसेल, फुकट की पैसे भरून, एवढंच.

मी म्हटलं, "मला खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"मेलेल्यांतलं तरी कुठे कळत होतं? तुम्ही खात्री करून छापता, तेवढं पुरे."

हे मात्र खरं. बावीस वर्षांत एकाही जिवंत माणसाला मी मेलेला म्हणून छापलं नाही. माझा नियम एकच, छापण्याआधी घरी फोन करायचा. मजकूर कोणीही आणून देवो, सख्खा मुलगा आलेला असो, फोन करायचाच. एकदा तर ज्यांची बातमी होती त्यांनीच फोन उचलला आणि "थोडं थांबा, घाई काय आहे?" म्हणाले. तेव्हापासून माझ्या अक्षराला कोणी हात लावत नाही.

जाता जाता साहेबांनी खरी गोम सांगितली. एक यंत्र निघालंय म्हणे, ते जगभरच्या सामन्यांच्या याद्या आपोआप आणून पानावर ओततं. मालक महिनाअखेर ठरवणार, ताई की यंत्र. यंत्र आलं तर मी घरी. एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसून मी काय करू, अक्काची शिट्टी ऐकू? अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त व्यायामशिक्षिका. टेकडीवरच्या तीन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. लग्न दोघींनीही केलं नाही. तिला कोणी पसंत पडलं नाही आणि मला कोणी विचारलं नाही. नोकरी संपून चार वर्षं झाली तरी तिच्या गळ्यातली शिट्टी निघालेली नाही. चहा झाला की वाजवते.

४ तारीख, मंगळवार

पहिली यादी केली. नऊ सामने! प्रत्येक ॲपची तऱ्हा निराळी. एकावर वेळ इथली, दुसऱ्यावर त्या त्या देशाची, तिसऱ्यावर वेळच नाही, नुसतं 'लवकरच'. 'थेट' म्हणून गेल्या वर्षीचा सामना दाखवतात. 'मोफत' म्हणतात आणि चौथ्या मिनिटाला पैसे मागतात. मी सरळ फोन घेऊन बसले.

व्हॉलीबॉल संघटनेला लावला. सवयीने आवाज आपोआप खाली गेला. "नमस्कार. आपल्याकडे आज संध्याकाळी... वेळ किती ठरलीय?"

पलीकडचा माणूस दचकला. "कोण गेलं?"

त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो इतका हसला, इतका हसला, की खालच्या गटाच्या सामन्यांच्या वेळाही त्याने आपण होऊन दिल्या. त्या कुठल्याही ॲपवर नव्हत्या. म्हणजे मी आज जगात कोणाकडे नसलेली बातमी छापली. घरी येताना जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

६ तारीख, गुरुवार

मी आठला येते, नऊपर्यंत यादी तयार असते. साहेब साडेनऊला येऊन नजर टाकतात आणि दहाला ती पानावर चढते. तर आज बरोब्बर नऊला फोन. एक गृहस्थ. अतिशय सभ्य आवाज, थोडा भारदस्त. म्हणाले, "माझ्या डोळ्यांना जरा त्रास आहे. आजची यादी वाचून दाखवाल का? मी लिहून घेतो."

मला गलबलून आलं. मी सबंध यादी वाचली. ते एकेक ओळ लिहून घेत होते. "ॲपचं नाव पुन्हा एकदा?" "ही वेळ इथली ना?" अगदी बारकाईने. हँडबॉलसुद्धा सोडला नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही फार स्वच्छ वाचता. मधला श्वाससुद्धा बरोबर जागी घेता."

बावीस वर्षांत माझ्या श्वासाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. डोळे अधू असून दिवसाला अकरा सामने बघतो बिचारा. केवढी ही खेळाची ओढ! अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "डोळ्यांना त्रास आहे आणि लिहून घेतो?" मी म्हटलं, "मोठ्या अक्षरात लिहीत असतील." तिला माणसांबद्दल कणवच नाही.

७ तारीख, शुक्रवार

नऊला फोन आला. आज बॅडमिंटन वाचताना साडेपाचच्या ऐवजी साडेसात वाचलं. ठेवल्यावर लक्षात आलं. पानावर अर्थातच बरोबर छापलं, पण त्यांना उलटा फोन करायला नंबर कुठे आहे? रुखरुख लागून राहिली.

१० तारीख, सोमवार

चोरी! भरदिवसा चोरी!

साहेबांनी आल्या आल्या बोलावलं. रस्त्यापलीकडे, ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर, एक नवी बातम्यांची वेबसाइट निघालीय. खोली एक, पंखा एक, माणसं किती कोण जाणे. त्यांच्या पानावर आमची यादी शब्दन् शब्द असते, आणि तीसुद्धा नऊ चाळीसला. आमची दहाला! मालकांचा समज असा, की मीच त्यांची उचलते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं, फक्त बोंब मारायचीही त्याला गरज पडली नाही.

पुरावाही आहे. शुक्रवारचा बॅडमिंटन त्यांच्याकडे साडेसातला दाखवलाय. माझी चूकसुद्धा उचलली मेल्याने! पण ती चूक तर पानावर कधी आलीच नव्हती. म्हणजे चोर छापण्याआधीची यादी बघतो. म्हणजे चोर आमच्या कचेरीतलाच आहे.

मी सगळ्यांवर नजर ठेवली. चहावाला पाठीमागून आला तर यादीवर पालथी पडले. ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली बुटात ठेवली, दुपारपर्यंत लंगडत होते. पडद्यावर ओढणी टाकून खालून टाइप केलं. लेखापाल म्हणाले, "ताई, वाफ घेताय का?"

घरी अक्काला सगळा वृत्तान्त दिला. तिने विचारलं, "नऊ ते नऊ चाळीस या वेळात तू यादी कोणाला दाखवतेस?"

"कोणालाही नाही! फक्त नऊवाल्यांना वाचून दाखवते."

अक्काने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि शिट्टी वाजवून झोपायला गेली. तिचं हल्ली असं तुटक बोलणं चालू असतं.

१३ तारीख, गुरुवार

सापळा लावला. यादीच्या तळाशी, बारीक टाइपात, एक अजिबात नसलेला सामना घातला:

'रविवार २३, सायंकाळी ५. महिला रस्सीखेच. नदीकाठ विरुद्ध टेकडी. थेट प्रक्षेपण.'

आमच्या गावाचे हे दोन भाग एकमेकांना पाण्यात पाहतात, म्हणून तेच सुचले. असा सामना कोणी कधी भरवलेला नाही. चोराने उचलला की तो पकडला गेला, आणि मी लगेच ती ओळ काढून टाकणार. पाच मिनिटांचं काम. साहेबांनासुद्धा सांगितलं नाही. ते तळापर्यंत कधी वाचत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा खोटी ओळ टाइप केली. खरं सांगायचं तर मजाही येत होती.

नऊला फोन आला. सगळं वाचलं, आणि शेवटच्या ओळीशी अडले. डोळ्यांनी अधू माणूस माझ्या भरवशावर रविवारी नसलेला सामना शोधत बसेल? माझ्याने होईना. म्हटलं, "शेवटचा एक आहे तो लिहू नका हं. तो खोटा आहे. चोर पकडायला लावलाय." मग सगळी हकिगत सांगितली.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग खोकला.

"चोर सापडला तर काय कराल?"

"साहेबांपुढे उभा करीन आणि मालकांना नाव देईन."

"योग्यच आहे," असं म्हणाले, पण आवाज फार पडला होता. तब्येत बरी नसावी. गरम पाणी प्या म्हणून सांगितलं.

यादी दहाला पानावर गेली. मी त्या पलीकडच्यांच्या पानाकडे डोळे लावून बसले. साडेदहा. अकरा. बारा. त्यांनी बाकीची सगळी यादी उचलली होती, आणि रस्सीखेच तेवढी नव्हती! चोर फार पोचलेला दिसतो. मी त्याच्या वाटेकडे बघत राहिले आणि सापळा तसाच उघडा पडला, हे सव्वाबाराला फोन वाजला तेव्हा ध्यानात आलं. टेकडीवरची केशकर्तनवाली होती. तारस्वरात विचारत होती, "टेकडीचा संघ निवडला कोणी? आम्हाला न विचारता?"

१४ तारीख, शुक्रवार

काल सव्वाबारा ते सहा, त्रेसष्ट फोन. नदीकाठच्या बायका म्हणतात आम्ही दोन मिनिटांत ओढून टाकू. टेकडीच्या म्हणतात या तर खऱ्या. एका दुकानदाराने विचारलं, दोर किती जाडीचा लागेल. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे पण शेवटची जागा द्या, त्या नुसत्या बसून राहतील, कोणी हलवून दाखवावं. काल फोनांतून उसंतच मिळाली नाही; आज ओळ काढून टाकायला गेले तर साहेब हातात कागद नाचवत आले.

"ताई! तुमच्या सदराला आजवर कधी नव्हते एवढे वाचक! मालक खूश आहेत. म्हणतात, सामना आपल्याच पानावर थेट दाखवायचा. कुठल्या मैदानावर आहे?"

"खात्री करून सांगते," म्हटलं. बाकी काय म्हणणार? खरं सांगितलं तर बावीस वर्षांची अब्रू गेली, सदर गेलं, यंत्र आलं. नाही सांगितलं तर तेवीस तारखेला पाच वाजता सगळं गाव रिकाम्या मैदानात उभं राहणार, आणि तेव्हाही हेच सगळं जाणार.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती इतकी हसली की खुर्चीवरून खाली बसली, आणि खाली बसून पुन्हा हसली. मी रागाने जेवले नाही. अर्ध्या तासाने ती दारात आली, बाह्या सरसावलेल्या. "आठ बायका लागतील. सात मी आणते, आठवी मीच. उद्या सकाळी सहाला सराव."

"अगं, पण सामनाच नाहीये!"

"टेकडीचा संघ आहे," ती म्हणाली.

१७ तारीख, सोमवार

नऊवाल्यांना सगळं सांगून टाकलं. साहेबांना सांगता येत नाही ते त्यांना का सांगता येतं, देव जाणे.

"रडू नका," ते म्हणाले.

"रडत नाही, सर्दी आहे."

"खोट्या सामन्यात आणि खऱ्यात फरक काय असतो? एक मैदान, एक दोर, सोळा बायका. सोळांपैकी किती आहेत?"

"आठ. आणि नदीकाठच्या तर स्वतःच फोन करतायत."

"मग उरलं काय? मैदान आणि दोर. ताई, एकदा छापलंत ना, की आता ते खरं करायचं. छापल्यावर खरं करणं मला तरी कधी जमलं नाही, पण करून बघायला हरकत नाही."

शेवटचं वाक्य मला नीटसं कळलं नाही. पण ठेवताना छातीवरचं ओझं उतरलं होतं, हे लिहून ठेवते. यादी वाचायची राहिलीच. त्यांनीही आठवण केली नाही. विशेष म्हणजे आज पलीकडच्यांच्या पानावर यादीच नव्हती. चोरालाही सुटी हवी असेल.

१९ तारीख, बुधवार

पकडला! पकडला! पकडला!

आज त्यांच्या पानावर सगळ्यात वर, जाड टाइपात: 'रविवार २३, सायंकाळी ५. महिला रस्सीखेच. नदीकाठ विरुद्ध टेकडी. स्थळ: जुन्या पाणीटाकीमागचं मैदान. दोर: दोन इंची. तीन फेऱ्या. थेट प्रक्षेपण.' मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. लेखापालांनी पाणी आणलं.

मग खाली उतरले आणि डोकं चालायला लागलं. मैदान? दोर? हे मी कुठे लिहिलं होतं? नियमाप्रमाणे मैदानाच्या राखणदाराला फोन केला. तो म्हणाला, "हो, मैदान घेतलंय ना. काल एक गृहस्थ येऊन रीतसर अर्ज देऊन गेले."

"कोणाच्या नावाने?"

"थांबा, वाचतो. आयोजक: 'आज कुठे बघाल' सदर."

माझ्याच सदराच्या नावावर! ही कसली चोरी? मी विचारलं, गृहस्थ दिसायला कसे होते. एक क्षण मनात आलं होतं, आपले नऊवाले तर नसतील? राखणदार म्हणाला, "पन्नाशीचे, उंच, हसरे. नजर काय तीक्ष्ण हो त्यांची! फाटकात उभं राहून पलीकडच्या भिंतीवरची नियमांची पाटी सबंध वाचून दाखवली."

मग ते नव्हेत. उगाच जरा वाईट वाटलं.

२० तारीख, गुरुवार

साहेब भडकलेत, आपल्या सामन्याचं मैदान पलीकडच्यांनी आधी छापलं. शेवटी दोन्ही कचेऱ्यांत ठरलं, ध्वनिक्षेपक त्यांचा आणि कॅमेरा आमचा. मालकांनी आणखी एक पिल्लू सोडलंय. यंत्राची यादी रविवारीच चाचणीला लावणार, माझ्या यादीशेजारी. आणि चोराचं नाव मी सोमवारी दिलं तर सदर माझ्याकडे कायम. त्या माणसाला मात्र सबंध धंद्यात उभं राहू देणार नाहीत म्हणे. मी म्हटलं, देते. पकडायचा आहे, सोडायचा थोडाच आहे?

२२ तारीख, शनिवार

नऊला फोन आला नाही.

नऊ दहाला रिसीव्हर नीट ठेवलाय का ते पाहिलं. नऊ वीसला लेखापालांना त्यांच्या टेबलावरून मला फोन करायला लावला. वाजतो. दहाला निधनवार्तांचं पान उघडलं. नाव माहीत नाही, म्हणून फक्त पुरुषांची वयं पाहिली. एक पंचावन्न वर्षांचे होते. त्यांच्या घरी फोन केला, विचारलं, "त्यांना खेळाची आवड होती का हो?" त्यांची मुलगी म्हणाली, "छे, बाबांना खेळाचा तिटकारा होता." मी "परमेश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो" म्हटलं आणि फोन ठेवून, देवा मला क्षमा कर, आनंदाने पेढेवाल्याला हाक मारणार होते.

माझं काय चाललंय? सोळा दिवस एक माणूस यादी लिहून घेतो आणि मी त्याच्यासाठी परक्यांच्या घरी फोन करते. दिवसभर एका जागी बसवलं नाही.

संध्याकाळी अक्का आली. केशकर्तनवालीचा पाय मुरगळलाय. अक्काने मला वर खाली न्याहाळलं. "वजन किती तुझं?"

"मी नाही हं."

शिट्टी वाजली.

२३ तारीख, रविवार

हात सोलले आहेत, पेन धरवत नाही, तरी लिहिणार.

मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. नदीकाठचे एका बाजूला, टेकडीचे दुसऱ्या, मधे राखणदार पंच म्हणून, कधी नव्हे तो इस्त्रीचे कपडे घालून. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई नदीकाठच्या टोकाला खरंच बसल्या होत्या. आमच्या टोकाला अक्का. मी मधे, चौथी. साहेब कॅमेऱ्यामागे. पाचला दोन मिनिटं कमी असताना दोर उचलला. कर्ण्यातून एक आवाज आला:

"मंडळी, नमस्कार. नदीकाठ विरुद्ध टेकडी..."

थोडा भारदस्त. अतिशय सभ्य.

मी मान वळवली. मचाणावर एक उंच माणूस उभा होता. हातभर लांब धरलेल्या कागदावरून सोळा बायकांची नावं, कुठेही न अडखळता, चष्म्याशिवाय घडाघडा वाचत होता. राखणदाराने रुमाल खाली टाकला. माझ्या हातातून दोर सुटला.

टेकडीचा अख्खा संघ एकीवर एक आडवा. पहिली फेरी सहा सेकंदांत नदीकाठकडे. अक्का ढिगाऱ्याखालून ओरडली, "झालं काय तुला?" मी म्हटलं, "नऊवाले! तोच चोर आहे!" ती म्हणाली, "मला दहा तारखेपासून माहीत आहे. आता ओढ!"

ओढलं. असं ओढलं की जणू दोराच्या दुसऱ्या टोकाला नदीकाठ नव्हताच, तो बसला होता. डोळ्यांना त्रास! ओढ. लिहून घेतो! ओढ. मधला श्वास बरोबर जागी! ओढ, ओढ, ओढ! दुसरी फेरी आमची. तिसऱ्या फेरीत त्या म्हाताऱ्या बाई बसल्या जागेवरून, बसलेल्याच, रेषेपार आल्या. टेकडी जिंकली. लोकांनी टोप्या उडवल्या. मी थेट मचाणाकडे गेले.

"डोळे कसे आहेत?"

"उत्तम आहेत," ते खाली बघत म्हणाले.

"रोज अकरा सामने?"

"एकही नाही. मला खेळातलं काही कळत नाही. मी तिथे, त्या वेबसाइटवर, राशिभविष्य लिहायचो. एक दिवस म्हणाले, आता ही यादी कर. मला आधी खात्री करून लिहायची सवयच नव्हती हो, कुणाला विचारणार? म्हटलं, एक दिवस तुम्हाला विचारू." हातातल्या कागदाची घडी घातली. "मग रोज नऊ वाजायची वाट बघायला लागलो. सोमवारपासून तुमची यादी छापली नाही, तपासून बघा. काल फोन केला नाही, कारण आज तुम्ही मला ओळखणार हे ठाऊक होतं आणि धीर होईना."

मी माझा राग शोधत होते, सापडेना. दोराबरोबर कुठेतरी पडला असावा. आनंद होत होता, एवढंच खरं, आणि तो लपवायला मी फार मोठ्याने बोलत होते.

"उद्या मालक मला तुमचं नाव विचारणार आहेत!"

"द्या. तुमचं सदर राहिलं पाहिजे. माझं नाव..."

"गप्प बसा!" मी त्यांच्या तोंडापुढे सोललेला हात धरला. "एक अक्षर सांगू नका. मला खोटं बोलता येत नाही."

२४ तारीख, सोमवार

साहेबांच्या खोलीत, मालक फोनवर. मी उभी राहिले आणि आधी आपलं सांगितलं. "तेरा तारखेला मी रस्सीखेच छापली तेव्हा ती खोटी होती. असा सामना नव्हता. मी चोर पकडायला घातला होता."

साहेबांनी डोकं धरलं. मालकांनी विचारलं, "काल सामना झाला?"

"झाला."

"वेळेवर?"

"पाचच्या ठोक्याला रुमाल पडला."

"यंत्राने काल दुपारचा एक फुटबॉलचा सामना दाखवला होता. पैसे भरून चारशे लोक काळा पडदा बघत बसले. तो गुरुवारीच रद्द झाला होता म्हणे. तुमच्या यादीत नव्हता."

"मी फोन केला होता."

"हं. यंत्राला फोन करता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं." मग साहेबांना म्हणाले, "यादी बाईंच्या हातून थेट चढवा, नऊला. तुम्ही मधे तपासायची गरज नाही." आणि पुन्हा मला, "आता त्या चोराचं नाव."

"चोर सापडला. यादी मीच त्याला वाचून दाखवत होते, रोज, फोनवर, आपल्या मूर्खपणाने. नाव मला माहीत नाही."

"खरं?"

साहेब मधे बोलले, "मालक, ताईंनी बावीस वर्षांत एक खोटी ओळ लिहिली, आणि तीही दहा दिवसांत खरी करून दाखवली. माहीत नाही म्हणतात म्हणजे माहीत नाही."

मालकांनी फोन ठेवला. मी खोलीतून बाहेर आले, जिना उतरले, रस्ता ओलांडला, ड्रायक्लीनिंगच्या दुकानाशेजारचा जिना चढले. खोलीत एक पंखा होता आणि एकच माणूस. मला बघून उभा राहिला.

"आता सांगा नाव," मी म्हटलं.

सांगितलं. छान आहे. इथे मात्र लिहीत नाही, कारण अक्का, तू ही वही चोरून वाचतेस. उद्या साडेपाचला चहाला येणार आहेत, तेव्हा तूच विचार. आणि शिट्टी वाजवायची नाही.